सम बाजू, विषम तारीख

गुरुवार, १९ फेब्रुवारी २००४. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आमची गाडी जागेवर नव्हती.

घटना एवढीच आहे. बाकीचा तपशील नंतर हाती आला, आणि तो जसजसा हाती येत गेला तसतशी घटना कमी कमी समजत गेली. सहा वर्षं मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. कोण, काय, कुठे, कधी आणि का, या पाच प्रश्नांची उत्तरं पहिल्या परिच्छेदात आलीच पाहिजेत, असं मी नव्या मुलांना शिकवत असे. आज त्यातल्या 'कधी' या एकाच प्रश्नाने आमचं घर उलटंपालटं केलं आहे. म्हणून सगळं क्रमाने मांडतो.

शहर मिशिगनमधलं, ट्रॉयपासून तासाभराच्या अंतरावर. नाव देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. तिशी ओलांडल्यावर पत्रकारितेची पदवी घ्यायला मी इथे आलो, तो विद्यापीठाचं माहितीपुस्तक पाहून. पुस्तकात मुलंमुली हिरवळीवर पालथी पडून वाचत होती. हिरवळ आहे, हे मी नाकारत नाही. ती मे महिन्यात उघडते. तोवर माणूस मोज्यांवर मोजे चढवतो, नाकातले केस गोठल्याचा आवाज ऐकतो आणि घरी फोनवर "थंडी आहे थोडी" असं सांगतो.

घरात आम्ही तिघं. शंतनू मिरजेचा, गणितात पीएच.डी. करतो. प्रितम नागपूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर, डिसेंबरमध्ये पास झाला आणि तेव्हापासून नोकरी शोधतो आहे. व्हिसाच्या नियमाप्रमाणे नोकरी लवकर मिळाली नाही तर त्याला परत जावं लागेल. आज दुपारी दोन वाजता ट्रॉयमधल्या, मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्याचा इंटरव्ह्यू आहे. इतक्या महिन्यांत समोर बसवून बोलणारी ही पहिलीच कंपनी.

आणि गाडी. ती जुनी, हिरवी, दार लावताना अंगभर थरथरणारी. म्हणून एस.टी.च्या बसवरून तिचं नाव एशियाड. दक्षिणेकडे कॅरी नावाच्या गावी नोकरी लागून गेलेल्या अरुणने ती आम्हाला दिली, त्याला कुणी दुसऱ्याने दिली होती. अशी ती मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमधून खाली आली. कागदोपत्री मात्र ती अजून मूळच्या मालकीणबाईंच्या नावावर आहे. त्यांचं नाव शोभनाताई. त्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. मूळपुरुषाबद्दल घराण्यात जितकी माहिती असते, तितकीच आम्हाला त्यांच्याबद्दल होती.

काल संध्याकाळी रेडिओवर 'स्नो इमर्जन्सी' जाहीर झाली. मी तिचं मनातल्या मनात 'हिमआणीबाणी' असं भाषांतर केलं आणि एका स्तंभाचा मथळाही बसवला. या आणीबाणीत वृत्तपत्रांना काही होत नाही, फक्त रस्त्यावरच्या गाड्यांवर बंधनं येतात. रात्री नऊ ते सकाळी सात बर्फ ओढणारे ट्रक फिरतात. त्यासाठी सम तारखेला सम क्रमांकाच्या घरांसमोर गाडी लावायची आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्या. कोपऱ्यावर तशी पाटी आहे.

"यात मला शिकवायची गरज नाही," मी म्हणालो. "मी पुण्यात पी-वन, पी-टू बघत गाडी लावलेली आहे."

"पण पी-वन, पी-टू दिवसाचं असतं," शंतनू म्हणाला. "हे रात्रीचं आहे. रात्रीला दोन तारखा असतात."

इथे चर्चेला तोंड फुटलं. माझं मत स्पष्ट होतं. रात्री नऊला मी सहा वर्षं अंकावर जी तारीख लावली, ती दुसऱ्या दिवसाची. अठरा तारखेच्या रात्री जगातला प्रत्येक उपसंपादक एकोणिसाव्या तारखेत वावरत असतो. तेव्हा बाजू विषम. आमचं घर विषम बाजूला आहे आणि गाडी दारातच उभी राहणार होती, हा निव्वळ योगायोग.

शंतनू म्हणाला, "दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. उद्या उजाडेपर्यंत अठराच. बाजू सम."

"अरे, ही अमेरिकन महापालिका आहे. ती पंचांग बघते?"

"न बघता पण माणूस बरोबर असू शकतो, यार."

प्रितम टाय बांधायची तालीम करत होता. तो म्हणाला, "तुम्ही दोघं काय लावून राहिले बे? आमच्या घरी पंचांगच नाही. चौदा एप्रिल म्हणजे चौदा एप्रिल, तिचा कधी वाद होत नाही. तारीख बाराला बदलते, पोट्टं पण सांगेल. तिथपर्यंत सम, मग विषम. बारा वाजता उठून गाडी हलवायची, विषय खतम."

तारखेने की तिथीने, या प्रश्नावर आपल्याकडे जयंत्यांच्या मिरवणुका दोनदा निघतात. तिथे एका गाडीचं काय! मत घेतलं, तर तिघांची तीन मतं पडली. शेवटी ज्येष्ठतेच्या निकषावर माझा निर्णय ग्राह्य धरला आणि मी एशियाड दारात, विषम बाजूला उभी केली. प्रितमने इस्त्री करायला वर आणलेला आपला काळा सूट आणि सर्टिफिकेटांची फाइल मागच्या सीटवर नेऊन ठेवली. सूट घरात ठेवायची आमच्याकडे सोय नाही. एका फोडणीत तो कामातून जातो. मागे विद्यापीठातल्या एका सरावाच्या इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी प्रितमला पहिलाच प्रश्न "जेवून आलात का?" असा विचारला होता. तेव्हापासून सूट गाडीत राहतो.

आता पुन्हा आज सकाळी. विषम बाजूचा रस्ता स्वच्छ, रुंद आणि रिकामा होता. बर्फ ओढणाऱ्यांनी इतकं चांगलं काम केलं होतं की गाडी कधी तिथे होती, याचीच शंका यावी. मी वर जाऊन शंतनूला उठवलं.

तो पांघरुणातूनच म्हणाला, "घाबरू नका, संपादक. मी काल कचरा टाकायला गेलो, तेव्हा हलवली. सम बाजूला आहे."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

तर्कात चूक नव्हती. मी खिडकीतून पाहिलं. समोर, सम बाजूला, ट्रकांनी ढकललेल्या बर्फाचा मोठा ढिगारा होता आणि त्याच्या एका कडेला हाताच्या पंजाएवढा हिरवा रंग दिसत होता. मला हायसं वाटलं. अपमान झाला होता, पण गाडी होती.

बर्फ उपसायचं फावडं आमच्याकडे नाही. दर वर्षी थंडी संपताना आम्ही ते पुढच्या वर्षी घ्यायचं ठरवतो. शंतनूने परात घेतली, मी मोठं पातेलं घेतलं. परात या कामाला फार चांगली आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. पातेलं नाही. मूठभर बर्फ काढला की वरून ओंजळभर घसरायचा. रस्त्याने जाणारी एक बाई थांबून "आधी सायलेन्सरची नळी मोकळी करा" म्हणाली. दुसरा एक गृहस्थ म्हणाला, "आधी छत." कुत्रा फिरवणारा एक मुलगा नुसता परातीकडे पाहत उभा राहिला. त्याचं पाहणं मला जास्त लागलं.

अर्धी गाडी उघडी पडली, तेव्हा प्रितम दारात आला. आंघोळ झालेली, केसांचा भांग चोख, पांढरा शर्ट, टाय, आणि खाली पायजमा, कारण पँट गाडीत.

"तिथं काय खोदून राहिले बे?"

"तुझी गाडी!" शंतनू ओरडला.

"गाडी तिथं कुठं? बारा वाजता मी आणली ना इकडं! ठरलं नव्हतं का? तारीख बदलली, बाजू बदलली. इथंच, दारात लावली. काऊन, इथं नाही का?"

म्हणजे मी लावलेली गाडी शंतनूने हलवली, शंतनूने लावलेली प्रितमने हलवली आणि ती पुन्हा मी लावली होती तिथेच आली. माझ्या निर्णयाची शेवटी अंमलबजावणी झाली होती. याचा आनंद मानायला वेळ मिळाला नाही.

"मग ही कुणाची?" मी पातेल्याने ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं. बोट दाखवायला दुसरं काही मोकळं नव्हतं.

"माझी," मागून आवाज आला. ते वॉल्टर होते. खालच्या मजल्यावर राहणारे आमचे शेजारी, टपाल खात्यातून निवृत्त. एरवी आमचा संबंध म्हणजे आमच्या स्मोक अलार्मबद्दल त्यांनी खालून काठीने केलेली ठकठक. आज त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. थंडीचंही असेल. "चाळीस हिवाळे झाले," ते म्हणाले, "माझ्या गाडीवरचा बर्फ मला न सांगता कुणी काढला नव्हता. भांडी घेऊन, तेही."

खरं सांगावं असं मला तीव्रतेने वाटलं. मी सांगितलं नाही. मात्र नियम विचारला.

"सोपा आहे," वॉल्टर म्हणाले. "रात्र ज्या तारखेला सुरू होते, तीच तारीख सकाळपर्यंत धरायची. काल अठरा. सम बाजू. विषम बाजूच्या गाड्या पहाटे उचलून नेल्या."

शंतनूने परात खाली ठेवली. "सूर्योदयापर्यंत," तो अगदी हळू म्हणाला. मिरजेच्या माणसाने हळू बोलणं हा विजयाचा सर्वांत वाईट प्रकार आहे.

प्रितम म्हणाला, "ते ठीक आहे. माझी पँट कुठं आहे?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की गाडी हा मुद्दाच नव्हता.

उचललेल्या गाड्यांच्या आवारात फोन केला. पलीकडचा माणूस थकलेला, पण सभ्य होता.

"कोणत्या तारखेला उचलली?"

"आज पहाटे. एकोणीस," मी म्हणालो.

"एकोणीसला हिरवी गाडी नाही."

"नीट बघा."

"एकोणीसला अजून एकही गाडी नाही, सर."

शंतनूने माझ्या कानात "अठरा सांगा" म्हटलं. मी सांगणार नव्हतो. एखादी गोष्ट पहाटे चार वाजता घडली असेल तर ती कालची म्हणून छापायला माझी लेखणी आजवर तयार झालेली नाही. प्रितमने माझ्या हातातून फोन घेतला आणि "एटीन्थ, एटीन्थ!" असं ओरडला. गाडी ताबडतोब सापडली. रात्रपाळीची तारीख पाळी संपेपर्यंत बदलत नाही, असं तो माणूस म्हणाला. हेच तत्त्व मी सहा वर्षं पाळलं होतं, फक्त उलट्या दिशेने.

"मालक आहात का?"

"वापरतो."

"मालकाला ओळखपत्र घेऊन पाठवा."

"मालकीणबाई इथे नाहीत."

"कुठे आहेत?"

या प्रश्नाचं उत्तर अरुणला माहीत असेल म्हणून त्याला कॅरीला फोन लावला. तो ऑफिसला ड्राइव्ह करत होता. "शोभनाताई? मी कधी भेटलो नाही, यार. लतिका काकूंना विचार. इथे आज मस्त ऊन पडलंय." शेवटचं वाक्य त्याने गाळलं असतं तरी बातमी पूर्ण होती.

लतिका काकू ट्रॉयला राहतात. मिशिगनमधल्या कुठल्याही मराठी विद्यार्थ्याला ताप आला तर त्याच्या आईच्या आधी त्यांना कळतं. इंटरव्ह्यूनंतर प्रितम त्यांच्याकडे जेवायला जाणार होता.

"शोभना ना?" काकू म्हणाल्या. "अरे, ती तुमच्याच गावाबाहेर राहते की! दोन एक्झिट पुढे. आमच्या गणपतीला दर वर्षी येते. तुम्ही तिला भेटला नाहीत? कमाल आहे बाबा तुमची. थांब, मी करते सगळं. तुम्ही आधी चहा घ्या. आणि प्रितमला सांग, कान झाकून ये."

आम्ही चहा घेतला. हे सगळं नीट होतं आहे, असं वाटण्याचा काळ एवढाच होता.

खाली वॉल्टर गाडी सुरू करून उभे होते. उपकाराची फेड करायची म्हणून ते प्रितमला ट्रॉयला सोडणार होते, हे त्यांनी आम्हाला न विचारता ठरवलं होतं. शिवाय हातात एक सूट होता. तपकिरी, कॉलर हत्तीच्या कानांएवढी, डांबरगोळ्यांचा वास तीन जिन्यांपर्यंत पोचणारा.

"लग्नातला आहे," ते म्हणाले. "एकदाच घातला."

वॉल्टर रुंद आहेत, प्रितम उंच. पँट कमरेला दोन माणसांची होती आणि घोट्याला एकाचीही नव्हती. शंतनूने मागून सेफ्टी पिना लावल्या.

"कसा दिसतो?" प्रितमने विचारलं.

"फोडणीचा वास येत नाही," शंतनू म्हणाला.

प्रितम हसला नाही. जिना उतरताना तो मला म्हणाला, "संपादक, घरी सांगितलं आहे मी. आई कालपासून फोनजवळ बसून आहे." मग तो कान झाकून वॉल्टरच्या हिरव्या गाडीत बसला आणि दोघं निघून गेले.

यानंतरचं मी घरच्या फोनवरून गोळा केलेलं आहे. प्रत्यक्षदर्शी मी नाही.

ते निघून गेल्यावर काही वेळाने लतिका काकूंचा फोन आला. "किती वेळ एंगेज लागतोय तुमचा! झालं बरं का काम. शोभनाने गाडी सोडवली, जुनी किल्ली होती तिच्याकडे. मागे सूट आहे म्हणाली. मी म्हटलं, आता तिकडे त्यांच्या घरी नको जाऊस, मुलगा काही ना काही करून ट्रॉयला येणारच. तू सरळ इकडे ये सूट घेऊन. निघाली ती."

मी लगेच प्रितमच्या मोबाइलवर फोन केला. "तुझा सूट एशियाडमधून ट्रॉयला निघाला आहे. शोभनाताई चालवताहेत."

"हायवेवर?"

"असणार."

"संपादक!" प्रितम ओरडला. "आपली एशियाड आमच्या पुढंच आहे! मी केव्हाचा पाहून राहिलो, म्हटलं हिरवी गाडी दुसरी कुणाची असेल. मागच्या काचेतून माझा सूट दिसून राहिला!"

"मग थांबवा तिला."

हे वाक्य माझं आहे. जबाबदारी घेतो. वॉल्टरनी हॉर्न दिला. मग दिवे दिले. मग शेजारच्या लेनमध्ये जाऊन प्रितमने काच खाली केली आणि तपकिरी बाही बाहेर काढून "ताई! पँट! ताई!" असं ओरडायला सुरुवात केली. शोभनाताईंनी एकदा वळून पाहिलं. त्यांना एक अनोळखी म्हातारा गोरा दिसला आणि त्याच्या शेजारी हत्तीच्या कानांच्या कोटातला, डोक्याला मफलर गुंडाळलेला एक तरुण हातवारे करताना. त्यांनी एशियाडचा वेग वाढवला. एशियाडला वेग आहे, ही माहिती आम्हा तिघांना नवी होती.

"सूट पुढं, मी मागं," प्रितम म्हणाला. "वॉल्टर सोडत नाही म्हणतात." आणि फोन तुटला.

मी लतिका काकूंना फोन केला. एंगेज. पुन्हा केला. एंगेज. तिसऱ्यांदा त्यांनीच उचलला आणि मला बोलूच दिलं नाही.

"अरे, फार वाईट झालं! शोभनाचा आत्ता फोन आला होता रस्त्यातून. दोन माणसं तिच्या मागे लागलीत. एक तर म्हणे खिडकीतून अर्धा बाहेर आलाय. मी सांगितलं, कुठे थांबू नकोस, सरळ ट्रॉयच्या पोलीस स्टेशनात गाडी घाल. मीही निघालेय तिकडे."

"काकू, तो प्रितम आहे."

"कोण?"

"खिडकीतला."

काकूंनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. माझ्या माहितीत हे प्रथमच घडलं. मग त्या म्हणाल्या, "कान झाकलेत ना त्याने?" आणि त्यांनी फोन ठेवला.

पावणेदोनला कंपनीतून एका बाईंचा फोन आला. बर्फामुळे त्यांचेही साहेब उशिरा पोचले आहेत, तेव्हा मिस्टर प्रितम दहा-पंधरा मिनिटं उशिरा आले तरी चालतील. ते निघाले आहेत का? मी म्हणालो, निघाले आहेत, ट्रॉयमध्येच आहेत. यातला प्रत्येक शब्द खरा होता.

हे लिहीपर्यंतची शेवटची माहिती लतिका काकूंकडून, पोलीस ठाण्याच्या आवारातून मिळाली आहे. तिथे दोन हिरव्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि कोणती कुणाची, हे पोलीस शोभनाताई व वॉल्टर यांना आळीपाळीने विचारत आहे. एशियाडच्या मागच्या सीटवर सूट आणि फाइल सुरक्षित आहे, पण तिच्या किल्ल्या सध्या पोलिसाच्या हातात आहेत. प्रितम ठाण्याच्या बाथरूममध्ये आहे. त्याने तपकिरी पँट उतरवली असून काळी अजून आत पोचलेली नाही. कंपनी तिथून पाच मिनिटांवर आहे. घड्याळात एक वाजून त्रेपन्न मिनिटं झाली आहेत.

शंतनू फोनजवळ बसला आहे. आत्ता फोन वाजला होता. तो नागपूरहून होता, प्रितमच्या आईचा. "झाला का त्याचा इंटरव्ह्यू?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे तर रात्र झाली. बारा वाजून गेले, तारीखही बदलली."

मी त्यांना सांगितलं, "आमच्याकडे अजून बदललेली नाही."